अकरावा शेरा

बाई, तुम्ही गेलात त्याला आता सोळा वर्षं झाली. त्यामुळे हे वाचताना तुम्ही मध्येच चष्मा काढून "हे वाक्य पुन्हा लिही" म्हणणार नाही याची खात्री आहे, म्हणूनच लिहायला बसले. जिवंत माणसाला लिहिण्यासारखं हे नाही. दुपारी पोलीस चौकीत बसून आले. तिथल्या मॅडमनी माझा जबाब संगणकावर उतरवून घेतला आणि उद्या अकरा वाजता येऊन वाचा, मग सही करा, म्हणाल्या. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी तरी लहान असतील. बोलणं आदबीचं, चहासुद्धा मागवला. पण एक प्रश्न त्यांनी तीन वेळा विचारला, "शेरे तुम्हीच लिहिलेत ना?" मी तीन वेळा हो म्हटलं. तिसऱ्या वेळी मला तुमची आठवण झाली, आणि ती काही फार प्रेमानं झाली नाही.

शेरा ही तर तुमचीच विद्या. मूल फार बोलतं, गृहपाठ आणत नाही, रांगेत ढकलतं, की वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईत दोन ओळी, खाली 'पालकांनी लक्ष द्यावे', आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांची सही. आता वहीच्या जागी शाळेची छापील डायरी आली. तिच्यात शेऱ्यांसाठी वेगळी पानं आणि सहीसाठी वेगळा रकाना आहे, बाकी रीत तीच. सही आली की प्रकरण मिटलं. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही मुख्याध्यापिका होता आणि पहिल्याच आठवड्यात मला सांगितलं होतंत, "सहीशिवाय शेरा म्हणजे तिकीट न लावलेलं पत्र. पोचलं की नाही कळायला मार्ग नाही." शेरा घरी पोचला की काय होतं हे स्टाफरूममध्ये बसलेल्या कोणाहीपेक्षा मला जास्त माहीत होतं, तरी मी मान डोलावली. नोकरी नवी होती, आणि समोर तुम्ही होता.

चौथीत होते मी. शेरा कशाचा होता ते आठवत नाही, बहुतेक पाढ्यांचा. वडिलांपुढे वही धरायची छाती नव्हती म्हणून सही मीच केली. त्यासाठी दोन दिवस जुन्या पोस्टकार्डावर सराव केला होता. तुम्ही वही हातात घेता, उजेडाकडे धरता आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणता, "सही छान आहे. वडिलांपेक्षा बरी काढलीस." वर्ग हसतो. मीही हसते, कारण मला वाटतं एवढ्यावर सुटले. शाळा सुटल्यावर तुम्ही माझा हात धरता आणि कसब्यातल्या गल्ल्यांतून, तांबटांची ठोकाठोक चाललेली असते तिच्यातून, मला घरी नेऊन पोचवता. तुमचा हात गार आहे आणि खडूनं कोरडा पडलाय. वडील तुम्हाला खुर्ची देतात, आई चहा टाकते, कप मीच आणून तुमच्या हातात देते. तुम्ही वही उघडून त्यांची जुनी सही आणि माझी नवी सही शेजारी शेजारी धरून दाखवता. वडील म्हणतात, "बाई, तुम्ही निश्चिंत जा." आणि तुम्ही खरोखरच निश्चिंत गेलात. तुमच्या चपलांचा आवाज जिना उतरून पार गल्लीत जाईपर्यंत वडील थांबले होते, इतका त्यांना तुमच्याबद्दल आदर होता.

सोमवारी मी डाव्या हाताची करंगळी उजव्या हातात धरून वर्गात आले. ती काळीनिळी झाली होती आणि वाकत नव्हती. आजही वाकत नाही. तुम्ही बघितलंत, जवळ आलात, हात हातात घेतलात आणि विचारलंत, "पडलीस का गं?" मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? उत्तर तुम्ही प्रश्नातच घालून दिलं होतंत. "जपून चालावं," म्हणालात, आणि आठवडाभर मला शुद्धलेखन माफ केलंत. माझा लिहायचा हात उजवा आहे हे तुम्हालाही दिसत होतं, तरी माफ केलंत. त्या माफीपायी मी तुम्हाला किती जीव लावला, बाई. आपणही अशीच शिक्षिका व्हायचं हे मी त्याच आठवड्यात ठरवलं. झालेही.

तुम्हाला काही कळलं नसेल, अशी समजूत मी पुष्कळ वर्षं बाळगली होती. तीही तुम्ही ठेवली नाहीत. तुम्ही निवृत्त झालात त्या वर्षीची दिवाळीआधीची दुपार. शनिवार पेठेतल्या तुमच्या स्वयंपाकघरात तुम्ही चकलीची भाजणी चाळताय, मी समोर पाटावर बसलेय. माझी करंगळी डब्याच्या झाकणावर आडवी पडलेली बघून तुम्ही म्हणालात, "वडील कडक होते म्हणून मार्गाला लागलीस. मला त्या सोमवारीच कळलं होतं. शुद्धलेखन माफ केलं होतं तुला, आठवतंय का?" आणि चाळण हातात धरून माझ्याकडे बघत थांबलात. आभारांची वाट बघत होतात. मी आभार मानले. मग तुम्ही हात पुसून कपाटातून तुमचं लाल शाईचं पेन काढलंत, "आता मला कोणाला शेरे लिहायचेत," म्हणून माझ्या हातात दिलंत, आणि मी वाकून नमस्कार केला. तो नमस्कार परत घ्यायची सोय असती तर मी आज घेतला असता.

आता त्या मुलीचं सांगते, जिच्यापायी हे सगळं वर आलं. गेल्या जूनमध्ये ती माझ्या तिसरीच्या वर्गात आली. मलाही मुलं बाईच म्हणतात. ही तर दिवसातून शंभरदा म्हणायची. प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर, हात नंतर वर. फळ्यावरच्या गणितात तिनं मला दोनदा चूक दाखवली, आणि त्यातली एक खरंच चूक होती. बाकीची पोरं खिदळायची. पहिला शेरा मी शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात लिहिला, तुमच्याच पेनानं: 'वर्गात फार बोलते. पालकांनी लक्ष द्यावे.' दुसऱ्या दिवशी रकान्यात सही आणि सहीच्या वर देखण्या, टपोऱ्या अक्षरात दोन शब्द, 'लक्ष दिले.' वडिलांचं अक्षर. कुरिअरच्या कचेरीत सुपरवायझर होते, पालक-शिक्षक संघात होते, स्नेहसंमेलनाला स्पीकरच्या वायरी स्वतः ओढायचे. मी ते पान स्टाफरूममध्ये सगळ्यांना फिरवून दाखवलं. आजकाल पालक शेरा वाचतसुद्धा नाहीत, म्हटलं, बघा, पालक असावा तर असा.

मांडीची भानगड त्यानंतरची. प्रार्थनेला आणि दुपारच्या खिचडीला मुलं सतरंजीवर मांडी घालून बसतात, आणि मांडीवर माझा कटाक्ष तुम्हाला ठाऊक आहे, तोही तुमच्याकडूनच आलेला. ही मुलगी पाय एका अंगाला घेऊन बसायची, नाहीतर उकिडवी. मी ओरडले की बसायची मांडी घालून, ओठ दाबून, आणि माझी पाठ वळली की पाय पुन्हा बाजूला. मला वाटलं, हट्ट आहे. मग शेरा, 'सांगूनही मांडी घालून बसत नाही.' मग सही आणि 'लक्ष दिले.' पुन्हा आठवड्यानं तेच. एकदा तर 'सूचनेबद्दल आभारी आहे' असंही लिहून आलं. ती खोड तिला जूनमध्ये नव्हती, जुलैत लागली, दुसऱ्या शेऱ्यानंतर. हे मला आज चौकीत डायरीतल्या तारखा समोर ठेवल्यावर दिसलं. तोवर मी तिला जवळजवळ रोज ओरडून मांडी घालायला लावत होते.

आम्हाला प्रशिक्षण दिलं नाही असं म्हणायचीही सोय नाही. ऑगस्टमध्ये एक अख्खा दिवस झालं. मुलांवर घरी अत्याचार होत असतील तर ते कसे ओळखायचे, काय करायचं, कुणाला फोन करायचा. चहा, वेफर्स, शेवटी प्रमाणपत्र. मी शहाण्या मुलीसारखी सगळं वहीत उतरवून घेतलं. अंग झाकणारे कपडे उन्हाळ्यातही. बसण्या-उठण्याला त्रास. अचानक गप्प होणं. शहानिशा करत बसू नका, पालकांना आधी विचारू नका, कळवा. दुसऱ्या दिवशी वर्गात आले तर ती मुलगी अचानक गप्प होती, कारण प्रशिक्षणाच्या आदल्या दिवशी शेरा गेला होता. मी मनात म्हटलं, औषध लागू पडलं. सहामाहीच्या प्रगतिपुस्तकासाठी जे टिपण काढलं त्यात 'वर्तनात सुधारणा' असं लिहिलंय. तेही लाल शाईत आहे.

नवरात्रात गुरुवारी शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले. माझा वर्ग एकदम शिस्तीत. साहेबांनी तिच्या बाकापाशी थांबून विचारलं, "ही काही बोलत नाही का?" मी म्हटलं, शांत आहे ती. साहेब खूश होऊन गेले आणि आमच्या मुख्याध्यापक सरांनी मला सगळ्यांदेखत शाबासकी दिली. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी शाळेत भोंडला होता. मुली परकर-पोलकं घालून आल्या होत्या, मधे पाटावर हत्ती काढलेला, भोवती फेर. ही फेरात नीट चालतही नव्हती. तिसऱ्या गाण्याला परकरात पाय अडकला आणि ती गुडघ्यांवर आपटली. ओरडली नाही, हेच चमत्कारिक वाटलं. उठवली तेव्हा पिवळ्या परकरावर दोन गुडघ्यांच्या जागी दोन ओले डाग होते.

मी तिला धुवायला मोरीपाशी नेलं, शाळेतल्या मावशी पाणी घेऊन आल्या. परकर वर केला, खालची लेगिंग सोलल्यासारखी काढावी लागली. दोन्ही गुडघ्यांवर बारीक बारीक खड्डे होते. काही भरून पांढरे पडलेले, काही खपली धरलेले, आणि बरेचसे ताजे, ओले. माझ्या तोंडून शब्द निघाले, "पडलीस का गं?" माझा आवाज नव्हता तो, बाई. सूरसुद्धा तुमचाच. मुलीनं मान हलवली, हो. अर्थातच हो. मी आणखी एक वाक्य बोलले असते तर ते 'जपून चालावं' हेच असतं, पण मावशी मध्ये पडल्या. त्या शहराच्या टोकाच्या गावातल्या. गाव महापालिकेत आलं तरी त्यांनी आपली बोली सोडली नाही. "बाई, तुमी गप ऱ्हावा जरा," त्या म्हणाल्या. "पडल्यालं गुडघं असं नसतंय. पडलं की सोलटतं. ह्यी भोकं पडल्यात, दोनी बाजूला सारखी. खड्याच्या मिठाचं हाय हे." मग मुलीच्या पायाशी बसून, तिच्याकडे न बघता, पाणी ओतत ओतत त्यांनी विचारलं, "किती येळ बसाया लावत्यात, माय?" मुलगी म्हणाली, "देवापाशी दिवा लावल्यापासून जेवणापर्यंत." "कोन लावतंय?" त्यावर तिनं माझ्याकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटलं. मला वाटलं, बापाच्या धाकानं बोलत नाहीये.

तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. फोन कुणाला करायचा ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं आणि वही पर्समध्ये होती. मी फोन केला नाही. आपली शाळा, आपली रीत, मी आधी सरांकडे गेले. सर वाईट माणूस नाहीत. कपाळाला हात लावून बसले बिचारे. म्हणाले, "मॅडम, आधीच मराठी शाळा. पेपरात नाव आलं तर पुढच्या वर्षी पहिलीला पंधरा मुलं मिळायची नाहीत. आपण आधी पालकांना बोलावून घेऊ. डायरीत लिहा, येऊन भेटावे म्हणून." मी डायरी उघडली. पेनाचं टोपणही काढलं. पण लिहिलं नाही, का ते सांगता येणार नाही. करंगळी दिसली असेल. मी म्हटलं, मी लिहिणार नाही. मग सरांनीच वडिलांना फोन केला, अगदी गोडीगुलाबीनं, मुलीच्या गुडघ्यांना लागलंय, जरा बोलायचंय, उद्या या. मी समोर उभी होते आणि मी तो फोन करू दिला. साडेपाचला शाळा सुटली आणि मुलगी घरी गेली. त्या संध्याकाळी घरी काय झालं ते डॉक्टरांच्या कागदात आहे. मी ते वाचलंय, इथे लिहीत नाही.

शनिवारी सकाळी मुलगी आली नाही, वडील आले. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. चढा आवाज नाही, काही नाही. "आमची बदली व्हायचं चाललंय," म्हणाले, "दाखला मिळाला तर बरं." सरांना तर सुटल्यासारखं झालं. ऑफिसातल्या क्लार्कबाईंनी दाखल्याचं बुक पुढे ओढलं. मी दारातून बघतेय, त्या एकेक रकाना भरतायत. शाळा सोडण्याचे कारण, पालकांची विनंती. वर्तणूक, चांगली. वडील मला बघून उठून उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारख्या शिक्षिका आता मिळत नाहीत. तुम्ही वेळोवेळी कळवत राहिलात म्हणून." ते टोमणा मारत नव्हते. मनापासून बोलत होते. मी जिन्याखालच्या खोलीत, खेळाच्या चटयांच्या ढिगाआड गेले आणि वहीतला तो मुलांच्या मदतीचा चार आकडी नंबर लावला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे विचारलं, मूल आत्ता कुठे आहे? घरी. तुम्हाला कधी कळलं? काल. काल किती वाजता? मी म्हटलं, तीन. ती म्हणाली, "मॅडम, आता सकाळचे साडेनऊ झालेत."

त्यांची माणसं आणि पोलीस येईपर्यंत दाखला थांबवायचा होता. मी क्लार्कबाईंच्या कानाशी लागले, जनरल रजिस्टर सापडत नाही म्हणून सांगा. "अहो, हे काय समोर आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग त्याच्यावर बसा. आणि बाई, त्या बसल्या. सव्वा तास त्या माउली जनरल रजिस्टरवर बसून कपाटात रजिस्टर शोधायला इतरांना पिटाळत राहिल्या, आणि वडील बाकावर पेपर वाचत बसले. या सगळ्या प्रकरणात अभिमान वाटावा असं एवढंच घडलं आणि ते मी केलेलं नाही.

मुलगी आता येरवड्याच्या बाजूला मुलींच्या एका संस्थेत आहे. गुडघे भरतायत, म्हणतात. मी परवा बालकल्याण समितीपुढे गेले होते तेव्हा मला वाटलं होतं ती मला बघून धावत येईल. खरंच वाटलं होतं. मी घरून तिळाची वडी करून नेली होती, तिला आवडते म्हणून. ती मला बघून खुर्चीमागे गेली आणि तिथेच, फरशीवर, मांडी घालून बसली. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर. वडी मी परत आणली. नंतर तिच्या बरोबर असलेली कार्यकर्ती मला व्हरांड्यात घेऊन गेली. पंचविशीची असेल, जीन्स, पाठीला सॅक. म्हणाली, "मॅडम, अ‍ॅक्च्युअली तुम्हाला हे माहीत असलेलं बरं. म्हणजे पुढे जबाबात येईलच. तिला आम्ही विचारलं, शिक्षा कोण करतं? ती म्हणाली, बाई. आम्हाला आधी कळेचना. परत विचारलं, आणि बाबा? तर म्हणते, बाबा फक्त सही करतात."

मग तिनं रीत सांगितली. वडील संध्याकाळी डायरी मागायचे. शेरा मुलीलाच मोठ्यानं वाचायला लावायचे. मग विचारायचे, बाईंनी काय करायला सांगितलंय? मुलीनं म्हणायचं, लक्ष द्या. ते म्हणायचे, मग देऊ या लक्ष. स्वयंपाकघरात ओट्याशेजारी पाटावर मीठ पसरायचं, तेही मुलीनंच. जेवण वाढेपर्यंत त्यावर गुडघे टेकून बसायचं, आणि उठल्यावर तिच्यासमोर सही. आई तिथेच पोळ्या लाटत असायची. आईला समितीनं विचारलं, तुम्ही काही बोलला नाहीत? आई म्हणाली, "बाईंचा शेरा असायचा ना. बाई कशाला खोटं लिहितील?"

मला तुमच्यावर चिडायचं होतं आणि मी चिडलेही आहे. तुम्ही त्या सोमवारी माझा हात हातात धरलेला असताना एक प्रश्न जरा वेगळा विचारला असतात तर, असं मी आठ दिवस घोकतेय. पण तुम्ही निदान एकदाच घरी नेऊन पोचवलंत. मी लाल शाईत पोचवत राहिले, दर आठवड्याला, सहीसकट पोच घेऊन. आणि शेरा घरात गेला की काय होऊ शकतं हे मला पुस्तकातून शिकायचं नव्हतं. तुम्ही माझ्याइतक्या जाणत्या नव्हतात, बाई. तुम्हाला कोणी पोचवलेलं नव्हतं.

हे कुठे टाकणार? तुमच्या घराच्या जागी आता सहा मजले आहेत आणि तुमचं स्वयंपाकघर होतं तिथे पार्किंग. घडी करून कपाटात ठेवीन, तुमच्या पेनाजवळ. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही कळून काही करणार नाही. हयात असतानाही केलं नव्हतंत. उद्या अकरा वाजता मात्र त्या मॅडमच्या समोर बसायचंय. आज त्यांनी डायरी उघडून एकेक शेरा वाचून दाखवला आणि प्रत्येकाला विचारलं, त्या दिवशी असं झालं होतं का? मी अकरा वेळा हो म्हटलं आणि त्यांनी ते टाईप केलं. दहा वेळा मी खरं बोलले.

अकरावा शेरा तपासणीच्या आदल्या दिवशीचा, बुधवारचा, तोच, 'सांगूनही मांडी घालून बसत नाही.' शेरा गेला की ती दोन दिवस गप्प असते हे मला केव्हाच कळलं होतं, आणि साहेबांपुढे मला ती गप्प हवी होती. बुधवारी खिचडीच्या वेळी ती मांडी घालून बसली होती. मी न ओरडता. ताट संपेपर्यंत हलली नाही, आणि सारखी मान वर करून माझ्याकडे बघत होती, बाईंनी बघितलं का म्हणून. मी बघितलं होतं.